पंचावन्नच्या आत

आमचा बँड आजवर अकरा ठिकाणी वाजला. त्यात चार वाचनालयं, दोन इस्पितळं आणि पेपर संपल्यानंतरचं एक परीक्षा केंद्र धरलेलं आहे. जिथे जिथे भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी असते, तिथून तिथून आम्हाला आग्रहाचं बोलावणं येतं. जगात रॉक बँड पुष्कळ असतील. पण पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी खोकल्याच्या गोळीचा कागद सोडला म्हणून मागच्या तीन रांगांनी त्यांना 'शूऽऽ' केलं, असा बँड आमचाच. मी त्याचा संस्थापक आणि गिटारवादक. आणि सांगायला संकोच वाटतो, पण त्याच्याविरुद्धच्या तक्रारींची चौकशी करणारा अधिकारीही मीच.

वास्तविक मला बँड काढायचा नव्हता. मला कपाटावरची गिटार काढायची होती.

ही गिटार मुलीनं कॉलेजच्या पहिल्या वर्षी हट्टानं आणली, बावीस दिवस वाजवली आणि कपाटावर ठेवली. पुढे चार वर्षं तिच्यावर स्वेटर वाळत होते. मुलीला परगावी नोकरी लागली, तीन महिन्यांनी एक तारखेला निघायचं ठरलं आणि बायकोनं आवराआवर काढली. तीन महिने आधी आवराआवर काढणं हा आमच्या घरातला रिवाज आहे. "अहो, ती गिटार तेवढी कुणाला तरी देऊन टाका," ती म्हणाली, "नाहीतर तुम्ही ती परत कपाटावर ठेवाल आणि मलाच म्हणाल, कपाटावर काय पसारा!" तिचं बरोबर होतं. मी गिटार चादरीत गुंडाळली आणि जिना उतरायला लागलो.

तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर जायला मला एरवी दीड मिनिट लागतं. त्या दिवशी पाऊण तास लागला. चादरीतून गिटारची मान बाहेर आली होती आणि आमच्या इमारतीत मान बाहेर आलेली कुठलीही वस्तू खाजगी राहत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "शिकताय वाटतं?" मी काही बोलायच्या आत त्यांच्या यजमानांनी सांगितलं की या वयात शिकायचं तर आधी खांद्याचा एक्स-रे काढून घ्यावा. पहिल्या मजल्यावरच्या बाईंच्या दिरानं गिटार शिकून नोकरी सोडली होती. समोरच्यांच्या मेव्हण्यानं नोकरी सुटल्यावर गिटार धरली होती. यातलं वाईट कुठलं, यावर जिन्यात मतभेद झाले. माझं मत कुणी विचारलं नाही.

एवढ्यात मुलगी बाहेरून आली. तिनं गिटार बघितली, मला बघितलं आणि ती हसत सुटली. "बाबा आणि गिटार? अहो काकू, बाबा शिंकायच्या आधीसुद्धा घरात विचारून घेतात. आयुष्यात एकदा तरी काही मोठ्यानं केलंय का त्यांनी?"

सगळे हसले. मीही हसलो, हळू.

आता याला कारण आहे. मी ध्वनिनियंत्रण शाखेत मोजणी अधिकारी आहे. कुणाचा भोंगा, कुणाची गिरणी, कुणाचा लग्नाचा बाजा, तक्रार आली की मी मीटर घेऊन जातो, तक्रारदाराच्या खिडकीत उभा राहतो आणि आकडा लिहितो. रहिवासी भागात दिवसा पंचावन्न डेसिबल ही मर्यादा. त्याच्या वर गेलात की मी नोटीस देतो. सव्वीस वर्षं मी हेच केलं. सव्वीस वर्षं लोकांना 'हळू' म्हणणारा माणूस घरी येऊन ओरडणार कसा? टीव्ही मी मुका करून बघतो. बातम्या चेहऱ्यावरून कळतात. पण हे सगळं जिन्यात, चार लोकांसमोर आणि तेही पोटच्या पोरीनं काढावं, हे मला लागलं. फार लागलं. ती तीन महिन्यांनी जाणार आणि जाताना बापाविषयी एवढीच आठवण घेऊन जाणार, की बाबा आवाज न करणारे होते. फ्रिजविषयीसुद्धा माणूस याहून जास्त बोलतो.

"हो," मी म्हणालो, "शिकतोय."

शब्द तोंडातून गेला आणि पन्नाशी उलटलेल्या माणसाला माघार घेण्याची सोय राहिली नाही.

तळमजल्यावर मास्टरांचं शिवणाचं दुकान आहे. ते जिन्यातला सगळा संवाद पायमशीन न थांबवता ऐकत होते. मी दारात येताच म्हणाले, "गिटार एकटी काय करणार साहेब? खाली ठेका पाहिजे. अस्तराशिवाय कोट उभा राहतो का?" आणि त्यांनी जुन्या शिवणयंत्राचं पायडल काढून दाखवलं. आठ दिवसांत त्यांनी त्या पायडलावर एक रिकामा पिंप, दोन बटणांचे डबे आणि कापड कापायची फळी अशी काही जोडणी केली की बघत राहावं. मास्टरांचा पाय म्हणजे एकदा सुरू झाला की एका लयीत दोन-दोन तास चालणारा पाय. अडचण एकच. टीप पूर्ण झाल्याशिवाय तो थांबत नसे. गाणं संपायचं, आम्ही वाद्यं ठेवायचो, चहा मागवायचो आणि मास्टर मान खाली घालून वाजवतच असायचे. "मधेच धागा तोडला तर उसवतं," असं त्यांचं म्हणणं. गाणी ते मीटरवर मोजत. "हे सव्वादोन मीटरचं आहे, ते साडेतीन जाईल."

शेजारी दाताचे डॉक्टर. त्यांच्याकडे बेस गिटार निघाली. का होती, हे त्यांच्या बायकोलाही माहीत नव्हतं. डॉक्टरांनी तालमीला दवाखाना दिला आणि आम्ही संध्याकाळी सहानंतर तिथे बसायला लागलो. जागा उत्तम, खुर्ची आरामाची, तोंड धुवायची सोय. आमच्यात गायला कुणी नव्हतं म्हणून आम्ही तिघं आळीपाळीनं गात होतो. पंधरा दिवसांनी डॉक्टरांच्या लक्षात आलं की पेशंट येईनासे झालेत. बंद दारामागून रोज संध्याकाळी तीन प्रौढ माणसांच्या किंकाळ्या ऐकू आल्यावर कोण येणार? एक गृहस्थ तर सुजलेला गाल घेऊन दारापर्यंत आले, क्षणभर ऐकलं आणि बरे होऊन परत गेले. तेव्हा बाडबिस्तरा मास्टरांच्या दुकानात हलवला आणि गायला दुसरं माणूस शोधायचं ठरलं.

माणूस घरातच होतं. माझी आत्या. बत्तीस वर्षं बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करून निवृत्त झालेली. आवाजात चढउतार नाही, राग नाही, लोभ नाही. कुणाची गाडी सुटली तरी तिला त्याचं काही नसायचं. तालमीच्या पहिल्या दिवशी तिनं माझ्या हातातला कागद घेतला, चष्मा लावला आणि म्हणाली, "कुठल्या फलाटाचं आहे?" मग तिनं आमचं पहिलं गाणं म्हटलं, प्रत्येक ओळ दोनदा.

"जिन्यातला दिवा कुणी घालवला. जिन्यातला दिवा कुणी घालवला. ज्यांनी घालवला त्यांनी लावावा. ज्यांनी घालवला त्यांनी लावावा."

डॉक्टरांच्या अंगावर काटा आला. मास्टर टीप संपायच्या आत थांबले. असं आधी कधी घडलं नव्हतं.

मी ते फोनवर रेकॉर्ड करून घरी मुलीला ऐकवलं. ती हसणार म्हणून मी आधीच स्वयंपाकघराच्या दारात, पळायच्या बेतानं उभा होतो. ती हसली नाही. पुन्हा ऐकलं. "बाबा, हे काय आहे?"

"रॉक आहे."

"हे रॉक नाही." तिनं थोडा विचार केला. "फार तर अल्टरनेटिव्ह रॉक म्हणता येईल."

मला त्यातलं काही कळलं नाही. पण साध्या लिपिकाचा वरिष्ठ लिपिक झालो होतो, तेव्हा जसं वाटलं होतं, तसंच वाटलं. दुसऱ्या दिवशी मी सर्वांना पदोन्नतीची बातमी दिली आणि त्याच भरात ठरवून टाकलं की पंचवीस तारखेला गच्चीवर मुलीला निरोप द्यायचा आणि तिथे आपण वाजवायचं. तोवर तिनं तालमीला यायचं नाही. एकदम गच्चीवर ऐकायचं. एकदा तरी तिनं बापाचा आवाज ऐकून जावं, एवढीच माझी इच्छा होती.

आणि तक्रार आली.

चौथ्या मजल्यावर, गच्चीच्या बरोबर खाली, निवृत्त मुख्याध्यापक राहतात. त्यांना सगळी इमारत 'सर' म्हणते, त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा. आम्ही एकदा गच्चीची चाचणी घ्यायला सगळा संसार वर नेऊन वाजवला होता, त्यावर सरांनी दोन पानी पत्र लिहिलं. अक्षर मोत्यासारखं. ते पत्र ज्या कार्यालयात जायला हवं तिथेच गेलं आणि ज्या टेबलावर यायला हवं त्याच टेबलावर आलं. माझ्या.

मी तसाच उठून साहेबांकडे गेलो. म्हटलं, "साहेब, हा माझाच बँड आहे. चौकशी दुसऱ्या कुणाकडे द्यावी."

"दुसरा कोण आहे?" साहेब म्हणाले. हे खरं होतं. सहायकाचं पद नऊ वर्षं रिकामं आहे. त्यांनी पत्र वाचलं, माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. बरं, जाऊन मोजून या. आणि परवानगीचा अर्ज करा. नमुना सात."

मी अर्ज केला. सकाळी अकरा चाळीसला मी काउंटरच्या त्या बाजूला उभा राहून अर्ज आत सरकवला, मग आत येऊन तो घेतला. इथवर ठीक होतं. पण एकदा टेबलाशी बसलो, चष्मा पुसला, हातात लाल पेन आलं की मी माझा राहत नाही. मी अर्ज तपासायला घेतला. वाद्यांच्या यादीत 'शिवणयंत्राचे पायडल' असं लिहिलं होतं. हे वाद्य आहे काय? आधार काय? गच्चीच्या नकाशावर उत्तर दिशा दाखवलेली नाही. शेजाऱ्यांच्या संमतिपत्रांत सरांची सही नाही. असले ढिसाळ अर्ज लोक करतात तरी कसे, असं पुटपुटत मी शेरा मारला, 'जोडपत्रे अपुरी, अर्ज फेटाळण्यात येत आहे', शिक्का उमटवला आणि काम चोख झाल्याच्या समाधानात डबा उघडला.

घरी बायकोनं तो कागद वाचला. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मग माझ्याकडे. "फेटाळलेला अर्ज पंधरा दिवस पुन्हा करता येत नाही, असं खाली छापलंय."

"हो. कलम नऊ."

"आज अठरा तारीख आहे."

मी मनात मोजलं. मग बोटांवर मोजलं. पंचवीस तारीख गेली, एक तारीखही गेली. दोन महिने, तीन आठवडे मी ज्यासाठी बोटं सोलून घेतली, ते मी स्वतःच्या हातानं, स्वतःच्या शिक्क्यानं, जेवणाच्या सुट्टीच्या आधी निकालात काढलं होतं. पायावर धोंडा पाडून घेणारी माणसं असतात. पण धोंड्याला जावक क्रमांक देणारा मीच.

"काय माणूस आहात हो तुम्ही!" बायको म्हणाली आणि तिला हसू आवरेना. नंतर तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा मला रडू येईल की काय असं वाटलं. म्हणून मी गॅलरीत गेलो.

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर उभा राहिलो. साहेबांनी माझा अर्ज बघितला, मग माझा शेरा बघितला. "शेरा बरोबर आहे," ते म्हणाले. "मी यात काही करू शकत नाही. पण मला एक सांगा, परवानगी लागते कशाला?"

"मर्यादेच्या वर आवाज करायला."

"आणि मर्यादेच्या आत?"

सव्वीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. पंचावन्नच्या आत परवानगी लागत नाही. माणसाला कुजबुजायला कुणाच्या सहीची गरज नसते.

त्या संध्याकाळी मास्टरांच्या दुकानात मी प्रस्ताव मांडला. कार्यक्रम होणार, पंचवीसलाच होणार, फक्त रॉक पंचावन्नच्या आत बसवायचा. डॉक्टर म्हणाले, "थोडंसं दुखेल, पण होईल." मास्टरांनी पिंपावर आपटणाऱ्या काठ्यांना अस्तर शिवलं, पिंपाला आतून कापूस भरला. मी तारांखाली रुमाल घातला. मीटर समोर ठेवलं. छप्पन झालं की त्याचा लाल दिवा लागायचा आणि आम्ही चौघं चोरी पकडल्यासारखे थांबायचो. दुकानात चहूबाजूंनी टांगलेले कोट, ते आवाज पिऊन टाकायचे. सहा दिवस आम्ही असं वाजवलं. बँडचं नावही तेव्हाच ठेवलं. 'पंचावन्न'. लोकांना ते आमचं सरासरी वय वाटतं. आत्या आमच्यात असताना ते शक्य नाही, पण आम्ही सुधारणा करत नाही.

शेवटचं गाणं मात्र जमेना. जुनी सगळी गाणी तारस्वरातली. हळू म्हटली की ती आजारी वाटायची. तेव्हा मी घरून माझी वही आणली.

या वहीविषयी सांगायला पाहिजे. कार्यालयाचं मीटर दर शनिवारी ओळखीच्या आवाजांवर ताडून बघायचं असतं. माझ्या ओळखीचे आवाज घरातले. म्हणून मी मीटर घरी आणतो आणि नोंद करतो. पंखा इतका, नळ इतका. अशा सव्वीस वर्षांच्या नोंदी. त्यातल्या बऱ्याच मुलीच्या निघाल्या, कारण शनिवारी संध्याकाळी मी मीटर लावून बसायचो आणि ती खेळून, क्लासहून, कॉलेजातून घरी यायची. मी त्या वहीतून ओळी काढल्या. आत्यानं चष्मा लावून वाचल्या.

"फाटकाची कडी, चौतीस. जिन्यावर पावलं, सदतीस. कुलपात किल्ली, एक्केचाळीस. दाराशी चपला, पंचेचाळीस." मग ती थांबली. "पुढे?"

"पुढे ती दारातून ओरडते, 'आले!' पण ते अठ्ठावन्न आहे. मर्यादेच्या बाहेर."

"मग मी काय म्हणू?"

"काही नाही. तिथे गप्प राहायचं."

"बत्तीस वर्षं गाडी आली की मी सांगितलं," आत्या म्हणाली, "आणि आता गाडी आली तरी सांगायचं नाही? अरे, लोक उभे असतात वाट बघत."

"आत्या, तीन डेसिबलचा प्रश्न आहे."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग कागदावर चौथ्या ओळीनंतर पेन्सिलीनं एक रेघ मारली. मास्टरांनी विचारलं, "तिथे मीही थांबायचं? मधेच?" मी म्हटलं, हो. ते काळजीत पडले.

पंचवीस तारखेला संध्याकाळी सहाला गच्ची भरली. सगळी इमारत, कार्यालयातले साहेब, डॉक्टरांचे तीन पेशंट. मुलगी आणि बायको पहिल्या ओळीत. सर स्वतःची खुर्ची आणि वही-पेन घेऊन आले आणि मीटरच्या शेजारी बसले, पेपर सुरू व्हायच्या आधी बसतात तसे. मी तक्रारीचा चौकशी अधिकारी या नात्यानं त्यांना मीटर दाखवलं, नोटिसांचं पुस्तक खिशात असल्याची खात्री केली आणि बँडचा संस्थापक या नात्यानं गिटार गळ्यात अडकवली.

पहिलं गाणं सुरू झालं. एक मिनिटभर कुणाला ते सुरू झाल्याचं कळलंच नाही. मग मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, आवाज येत नाही!" लाल दिवा लागला. मी तारांवर हात ठेवला, मास्टर, डॉक्टर थांबले. "हा आवाज तुमचा आहे," मी लोकांना सांगितलं. दुसऱ्या गाण्यात पाण्याची मोटर सुरू झाली, अडुसष्ट. मोटर थांबेपर्यंत आम्ही वाद्यं धरून उभे राहिलो. तिसऱ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या यजमानांना माझ्या खांद्याची आठवण झाली, ते बोलायला लागले आणि त्यांच्याच बायकोनं त्यांचं तोंड दाबलं. पण हळूहळू लोक पुढे सरकले. खुर्च्या उचलून, ओढून नव्हे. सगळ्यांच्या माना पुढे आल्या, काहींनी डोळे मिटले. इतकी वर्षं या इमारतीत राहतोय, पण चाळीस माणसं एकत्र असताना एकमेकांचा श्वास ऐकू आला तो त्याच दिवशी. आत्या कुणाच्या कानाशी बोलावं तशी म्हणत होती, "ज्यांनी घालवला त्यांनी लावावा," आणि पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला. दिवा त्यांनीच घालवला होता, हे मागाहून कळलं.

सर हात वर करून म्हणाले, "चालू द्या." एवढ्या हळू, की मीटर हललं नाही.

मग शेवटचं गाणं.

"फाटकाची कडी, चौतीस," आत्या म्हणाली. "फाटकाची कडी, चौतीस. जिन्यावर पावलं, सदतीस. जिन्यावर पावलं, सदतीस."

मी मान वर केली नाही. माझे तीन कॉर्ड, त्यातला एक अवघड. पण मला कळत होतं की पहिल्या ओळीत मुलगी ताठ बसली आहे. किल्ली एक्केचाळीस आली. तिनं आईचा हात धरला. मला दिसलं नाही, बायकोच्या बांगड्या वाजल्या, तेवीस. चपला पंचेचाळीस आल्या. दोनदा आल्या. आणि आत्या गप्प झाली. मी हात उचलला. डॉक्टरांनी उचलला. मास्टरांचा पाय पायडलावर हवेत थांबला, टीप अर्धी असताना.

गच्चीवर काहीच आवाज नव्हता. सगळे कुणाची तरी वाट बघत होते आणि कुणाची, ते त्यांना माहीत नव्हतं.

"आले!"

मुलगी उभी राहून ओरडली होती. पूर्ण घसा ताणून, लहानपणी ओरडायची तशी, डोळ्यांतून पाणी वाहत असताना. लाल दिवा लागला. मीटर एक्क्याण्णववर गेलं. आणि मास्टरांचा पाय खाली आला, डॉक्टर सुटले, आणि मी रुमाल काढून फेकला आणि आयुष्यात कधी वाजवलं नव्हतं तसं वाजवलं. काय वाजवलं ते मला माहीत नाही. लोक ओरडत होते, आत्या हात हलवत सगळ्या फलाटांना सांगत होती, "आली! आली!" आणि मीही ओरडत होतो. मला इतका आनंद पूर्वी कधी झाला होता, आठवत नाही.

सर खुर्चीवरून उठले, टाळ्या थांबवल्या आणि वर्गात म्हणावं तसं म्हणाले, "पुन्हा!"

पुन्हा झालं. मग मी खिशातून नोटिसांचं पुस्तक काढलं. लोकांना वाटलं मी थट्टा करतोय. पण मर्यादा ओलांडली गेली होती, तक्रारदार हजर होता, मीटर चालू होतं. मी रीतसर लिहिलं. पातळी: एक्क्याण्णव. आवाजाचा स्रोत: मुलगी. साक्षीदार म्हणून सरांनी मोत्यासारख्या अक्षरात सही केली. दुसऱ्या दिवशी फाइल साहेबांकडे गेली आणि त्यांनी शेरा मारला, 'संबंधितांकडून खुलासा मागवावा.'

एक तारखेला मुलगी गेली. फाटकाची कडी वाजली आणि मी उगाच खिडकीशी गेलो. घर चार दिवस फार शांत होतं. मला शांततेची सवय आहे, तरी ती शांतता मला सोसवेना. शेवटी मी कार्यालयातून तिला खुलाशाचं पत्र पाठवलं, जावक क्रमांक घालून.

आठ दिवसांनी उत्तर आलं. ते माझ्या टेबलावरच यायचं होतं. मी लाल पेन हातात घेऊन उघडलं.

'महोदय, आपल्या पत्राच्या संदर्भात कळवते की पंचवीस तारखेचा सदर आवाज माझाच होता. असा आवाज पुन्हा होणार नाही, अशी हमी देता येत नाही, कारण पुढच्या कार्यक्रमालाही मी येणार आहे. तोवर आपण गिटार कपाटावर ठेवू नये. आपली, आवाजाचा स्रोत.'

मी हसलो. एकदम, आधी कुणालाही न विचारता. शेजारच्या टेबलावरच्या बाईंच्या हातून शिक्का पडला आणि साहेब केबिनमधून बाहेर आले. किती डेसिबल झाले ते सांगता येणार नाही, कारण मीटर कपाटात होतं.